झेडपीची शाळा सुधारायचीय? रंगाची वर्गणी थांबवा, आधी पोरांचं वाचन ऐका

गावच्या जिल्हा परिषद शाळेसाठी काहीतरी करूया असं कुणी म्हटलं की पहिली वर्गणी निघते ती रंगाची. भिंतीवर रेल्वेचा डबा, गेटला कमान, आणि कुणी मुंबई-पुण्याला नोकरीला असलेला सढळ निघाला तर एक मोठा टीव्ही. माझा विरोध नाही, शाळा देखणी असावीच, पण पाचवीतल्या पोराला दुसरीचा धडा वाचता येत नसेल तर त्या टीव्हीवरची पाटी तरी तो कशी वाचणार. म्हणून खाली जे लिहितोय त्याचा क्रम नेहमीच्या उलट आहे, आधी वाचन, मग समिती, मग कागद, मग पैसा, आणि रंग उरलं तर. पालकांसाठी लिहितोय, त्यातही ज्यांचं नाव शाळा व्यवस्थापन समितीत आहे त्यांच्यासाठी (नाव आहे पण त्यांनाच माहीत नाही असेही भरपूर असतात). शिक्षकांनी वाचलं तरी चालेल, त्यांच्या विरोधात यात काही नाही, झाला तर उपयोगच होईल.

वाचन कसं तपासायचं

यासाठी तज्ज्ञ लागत नाही. 'प्रथम' संस्था २००५ पासून 'असर' नावाचा सर्व्हे करते त्यात हेच करतात आणि करणारे गावोगावचे साधे स्वयंसेवक असतात. एका कागदावर मोठ्या अक्षरात चार गोष्टी लिहा, सुटी अक्षरं, काना-वेलांटीचे साधे दोन अक्षरी शब्द, चार सोप्या वाक्यांचा एक परिच्छेद (पहिलीच्या पातळीचा) आणि आठ-दहा वाक्यांची एक गोष्ट (दुसरीच्या पातळीची). सुरुवात परिच्छेदापासून करायची. तो तीनपेक्षा जास्त न चुकता वाचला तर गोष्ट द्या, अडखळला तर शब्द द्या, पाचातले चार आले तर 'शब्द पातळी', तेही नाही तर अक्षरं. एका पोराला जेमतेम चार-पाच मिनिटं लागतात. गणिताचंही असंच, अंक ओळख, दोन अंकी संख्या ओळख, हातच्याची वजाबाकी, आणि तीन अंकी संख्येला एका अंकाने भागाकार.

एक पथ्य मात्र पाळा, मजकूर पाठ्यपुस्तकातला घेऊ नका. का ते सांगतो. आमच्याकडे चौथीतली एक पोरगी मराठीचं पुस्तक घडाघडा वाचायची, मास्तर खूश, आई खूश. मी तिच्या शेजारी बसलो आणि म्हटलं बोट ठेवून वाच, तर तोंड चौथ्या ओळीवर आणि बोट अजून दुसऱ्या ओळीवर, धडा सगळा पाठ. मग वहीच्या मागच्या पानावर मी 'काकूने पिशवीतून भोपळा काढला' असं लिहून दिलं, तिने 'का' वाचलं, 'कू' ला थांबली, आणि माझ्या तोंडाकडे बघायला लागली. तिला मुळाक्षरं सगळी येत होती, बाराखडीत ऱ्हस्व-दीर्घ उकार आणि मात्रा एवढंच अडलं होतं, आणि चार वर्षात ते कुणाच्या लक्षात आलं नाही कारण पाठांतर झकास होतं. अशी पोरं प्रत्येक वर्गात असतात आणि ती हुशार असतात म्हणूनच लपून राहतात.

हे फक्त आपल्याच गावात आहे असं वाटून लाजू नका. असरच्या २०२४ च्या अहवालात देशभरातल्या ग्रामीण सरकारी शाळांत तिसरीच्या फक्त २३.४ टक्के मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला, आणि हा आकडा २०२२ पेक्षा चांगला होता, तेव्हा कोविडच्या बंदनंतर सगळं अजून खाली गेलेलं.

तपासणी दोन-तीन पालक आणि एक शिक्षक असं मिळून करा, शिक्षकांना बाजूला ठेवून करू नका, नाहीतर पहिल्या दिवशीच वाद. निकालाचा एकच कागद बनवा, नाव, वर्ग, वाचन कुठल्या पातळीला, गणित कुठल्या पातळीला. हा कागद नोटीस बोर्डावर लावायचा नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा नाही. मीटिंगमध्ये फक्त आकडे सांगायचे की तिसरी ते पाचवीत इतकी पोरं, त्यातली इतकी गोष्ट वाचतात, इतकी अजून अक्षरावर आहेत. पोराचं नाव फक्त त्याच्या आईबापाला सांगायचं, तेही पोरगं समोर नसताना.

कच्च्या पोरांसाठी रोज एक तास

आकडे कळले की लोक काय करतात, गुरुजींना जाब विचारतात, गुरुजी म्हणतात पोर्शन पूर्ण करायचाय, आणि विषय तिथेच संपतो. इथे मला उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात झालेला प्रयोग कायम आठवतो, ज्यात पुढे २०१९ ला अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते. तिथे काही गावांत लोकांना फक्त माहिती दिली की तुमच्या गावात शिक्षण समिती आहे, तिचे अधिकार हे हे आहेत, काही गावांत त्यासोबत पोरांचं वाचन कसं तपासायचं तेही शिकवलं, आणि काही गावांत याच्या जोडीला गावातल्याच पोरापोरींना वाचनवर्ग कसे घ्यायचे याचं ट्रेनिंग दिलं. नुसत्या माहितीने पोरांच्या शिकण्यात काही फरक पडला नाही, तपासण्यानेही नाही. वाचनवर्ग जिथे चालले तिथे जी पोरं वर्गाला आली त्यांचं वाचन सुधारलं. याचा अर्थ समिती बिनकामाची असा मी घेत नाही, पण मीटिंगा घेऊन पोरगं वाचायला लागत नाही, त्यासाठी रोज कुणीतरी त्याच्यासोबत बसावं लागतं एवढं त्यातून नक्की दिसतं.

तर वर्ग असा चालवा. तिसरी ते पाचवीची पोरं इयत्तेप्रमाणे न बसवता पातळीप्रमाणे बसवा, अक्षरवाली एकीकडे, शब्दवाली एकीकडे, परिच्छेदवाली एकीकडे. पाचवीतलं पोरगं तिसरीतल्यासोबत बसायला लाजतं म्हणून गटांना 'ढ' किंवा 'कच्चे' असलं काही नाव देऊ नका, मोर, ससा, पोपट काहीही चालेल. एक तास. त्यात रोज एक गोष्ट मोठ्याने वाचायची, आधी वर्ग घेणाऱ्या ताईने बोट ठेवून, मग सगळ्यांनी, मग एकेकाने. बाराखडीचा मोठा तक्ता लावून त्यावर रोज खेळ, 'क' चा काना कुठे, 'प' ची दुसरी वेलांटी कुठे. मग त्याच अक्षरांचे शब्द पोरांनी स्वतः बनवायचे, आणि शेवटी थोडं लिहायचं, चुकलं तरी चालेल, लाल पेन बंद. महिन्याने परत तपासायचं आणि जो पुढे गेला त्याचा गट बदलायचा. पातळीप्रमाणे शिकवण्याची ही पद्धत काही परदेशातून आलेली नाही, याची मुळं मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांत प्रथमने चालवलेल्या 'बालसखी' वर्गांत आहेत.

ताई कोण? गावात बारावी झालेल्या, लग्न ठरेपर्यंत घरी बसलेल्या मुली असतात, कॉलेजला एसटीने जाऊन दुपारी परत येणाऱ्या असतात, सगळ्यात भारी काम त्याच करतात असा माझा अनुभव आहे. त्यांना फुकट राबवू नका, ग्रामपंचायतीकडून नाहीतर वर्गणीतून थोडंफार मानधन द्या, ती रंगाची वर्गणी इथे वळवा. वाचायला साहित्य पाहिजे तर स्टोरीवीव्हर नावाच्या वेबसाइटवर मराठी गोष्टी फुकट आहेत, बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये मिळतात, आणि बालभारतीचंच 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही ऑनलाइन फुकट वाचायला ठेवलेत. आणि शाळेत लायब्ररीची पेटी असतेच, बहुतेक वेळा कुलपात, पोरं पुस्तकं फाडतात म्हणून. फाटू द्या हो. पुस्तक फाटलं म्हणजे कुणीतरी उघडलं होतं.

समिती खरी आहे का कागदावरची

आता समिती. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून, त्यात शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक आहे. ७५ टक्के सदस्य पालक, एकूण सदस्यांत निम्म्या बायका, आणि वंचित-दुर्बल घटकातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. आपल्या राज्यात १२ ते १६ सदस्य असतात, अध्यक्ष पालकांमधूनच, मुख्याध्यापक सदस्य सचिव, मुदत दोन वर्षं, आणि मीटिंग महिन्याला एक. हे सगळ्यांनाच माहीत असल्यासारखं बोललं जातं पण प्रत्यक्षात काय होतं ते पण माहीत आहे, रजिस्टर घरोघरी फिरतं, 'ताई इथे सही करा', बाई भाकरी थापता थापता पिठाच्या हाताने सही करते, झाली मीटिंग. ठराव काय होता ते तिला विचारा.

त्यामुळे पहिलं काम, मुख्याध्यापकांकडून सदस्यांची यादी मागा आणि प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारा की तुम्ही सदस्य आहात हे ठाऊक आहे का. ज्याचं पोरगं शाळा सोडून गेलं तो पालक सदस्य राहू शकत नाही, त्याच्या जागी दुसरा घ्या. पुढच्या निवडीच्या वेळी पालकसभा संध्याकाळी ठेवा, मजुरीवरून माणसं आल्यावर, आणि आठवडी बाजाराचा दिवस टाळा. सकाळी ११ ला सभा ठेवली की येतात कोण, ज्यांचं रोजंदारीवर पोट नाही ते, आणि मग समितीही त्यांचीच बनते, वस्तीवरची, तांड्यावरची, पारधी वाड्यावरची माणसं यादीत नावापुरती. बाईच्या जागेवर नवरा येऊन बसला तर त्याला चहा द्या आणि वहिनींना बोलावून आणा म्हणा, दोनदा असं झालं की तिसऱ्यांदा त्या स्वतः येतात.

सभेत अजेंडा तीनच विषयांचा ठेवा. माझा आग्रह असा की पहिला विषय कायम शिकण्याचा, म्हणजे या महिन्यात किती पोरं वरच्या पातळीला गेली आणि शिकवण्याचे दिवस किती झाले. कायद्याप्रमाणे वर्षाला पहिली ते पाचवीला किमान २०० दिवस आणि ८०० तास, सहावी ते आठवीला २२० दिवस आणि १००० तास शिकवणं झालं पाहिजे. शाळा उघडी होती म्हणजे शिकवलं असं धरू नका. एक साधं भिंतीवरचं कॅलेंडर घ्या, ज्या दिवशी वर्गशिक्षक पूर्णवेळ वर्गात होते त्या दिवशी टिक, ट्रेनिंग, मीटिंग, बीएलओचं (मतदार यादीचं) काम, ऑनलाइन माहिती भरणं, अहवाल घेऊन पंचायत समितीला जाणं यात गेला तर कारण लिहा. चार महिन्यांनी हे कॅलेंडर बघितलं की शिक्षकांवरचा राग बराच कमी होतो आणि तो जिथे जायला पाहिजे तिकडे जातो. जनगणना, आपत्ती मदत आणि निवडणूक सोडून बाकी अशैक्षणिक कामं शिक्षकांना देता येत नाहीत असं कायद्याचं कलम २७ सांगतं. शिक्षक हे स्वतः बोलू शकत नाहीत, नोकरी आहे त्यांची, पालक समिती मात्र कॅलेंडरचा फोटो लावून ठराव करू शकते.

ठराव, पोच आणि पुढची पायरी

तोंडी सांगितलेलं काम सरकारी ऑफिसात झालेलं नसतं. साहेबांना फोन केला, साहेब हो म्हणाले, याला काही अर्थ नाही. इतिवृत्ताच्या रजिस्टरमध्ये ठराव क्रमांक, सूचक, अनुमोदक, तारीख, सह्या. मग त्याची प्रत जोडून एक पानी अर्ज, एका अर्जात एकच मागणी. 'शाळेच्या विविध समस्यांबाबत' असा विषय लिहिलेला अर्ज कुठल्याच टेबलावर थांबत नाही, कारण शौचालय एका टेबलाचं, शिक्षक दुसऱ्या, वीजबिल तिसऱ्या. अर्जाची दुसरी प्रत न्यायची आणि तिच्यावर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय ऑफिस सोडायचं नाही. क्लार्क म्हणेल ठेवून जा, बघतो. हसून म्हणायचं, शिक्का तेवढा द्या ना भाऊ, गावात दाखवायचाय.

चढण अशी, आधी केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीत विस्तार अधिकारी आणि गटशिक्षणाधिकारी, मग जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकारी (प्राथमिक), आणि त्यांच्यावर सीईओ. पायरी गाळू नका, वरून खालीच पत्र येतं 'नियमोचित कार्यवाही करावी' म्हणून आणि महिना जातो. प्रत्येक पायरीला पंधरा-वीस दिवस द्या, मग पुढच्या अर्जाला मागच्याची पोच जोडा. तरी हललं नाही तर माहिती अधिकार, १० रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, कारण महाराष्ट्राचे नियमच तसे आहेत. प्रश्न 'शिक्षक का देत नाही' असा विचारू नका, 'का' ला उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. विचारायचं असं, 'आमच्या अमुक तारखेच्या अर्जावर आजपर्यंत झालेल्या कार्यवाहीची टिपणीसह प्रत द्यावी'. ३० दिवसांत उत्तर यावं लागतं आणि खरं सांगायचं तर बऱ्याच वेळा उत्तराच्या आधी कामच होतं.

आपल्या शाळेची सरकारी माहिती काय भरलीय ते पण बघा. प्रत्येक शाळेला ११ अंकी यूडायस कोड असतो, बोर्डावर लिहिलेला असतो, त्यावरून ऑनलाइन शाळेचं रिपोर्ट कार्ड निघतं. त्यात मुलींचं शौचालय 'चालू' आणि प्रत्यक्षात दाराला कडी नाही, हँडवॉशला नळ आहे पण पाणी नाही, असं असेल तर वरून निधी येणारच नाही, कागदावर तुमची शाळा सुखात आहे. माहिती दुरुस्त करून घेणं हे अर्ध काम आहे.

शिक्षक कमी आहेत, तर ३० सप्टेंबरच्या आत

कायद्याच्या हिशोबाने पहिली ते पाचवीला ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ९० पर्यंत तीन, १२० पर्यंत चार, आणि मंजूर पदांपैकी १० टक्क्यांपेक्षा जास्त रिकामी ठेवता येत नाहीत. पण आपल्याकडे पदं ठरतात संच मान्यतेत (कुठल्या शाळेला किती शिक्षक याची दरवर्षीची सरकारी मोजणी), ती होते ३० सप्टेंबरच्या पटावर, आणि त्यातही आधार वैध झालेली पोरं धरली जातात. इथे गाडी अडकते. नावात एका अक्षराचा फरक, जन्मतारीख शाळेत वेगळी आधारला वेगळी, किंवा आधारच नाही, असं पोरगं वर्गात रोज बसतं, खिचडी खातं, पण पदाच्या हिशोबात दिसत नाही. दोन-चार अशी पोरं कमी पडली की एक शिक्षक जातो. आधार किंवा जन्मदाखला नाही म्हणून शाळेत प्रवेश नाकारता येत नाही हे वेगळं, प्रवेश मिळतोच, मोजणीत मार खातो.

म्हणून जुलैमध्येच मुख्याध्यापकांना विचारा, किती पोरं अवैध दाखवतायत, यादी द्या. ग्रामसेवकांना धरून जन्मदाखले काढा, मग आधारवाल्याला एक दिवस शाळेतच बोलवा. ऊसतोडीला जाणारी, वीटभट्टीवरची, आईबाप वेगळे राहतात अशी पोरं या यादीत सगळ्यात जास्त असतात, म्हणजे ज्यांना शिक्षकाची जास्त गरज त्यांच्याच नावाने शिक्षक कमी होतो. कमी पटाच्या शाळांवर तर आधीच डोळा आहे, २०२३ मध्ये २० पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' करायचा विषय निघालाच होता. वाडीवरच्या पोराला पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची ३ किलोमीटरच्या आत असली पाहिजे असं राज्याचे २०११ चे नियम सांगतात. असा विषय तुमच्याकडे आला तर भाषणं करण्याआधी अंतर मोजा, मधला ओढा पावसाळ्यात किती दिवस भरतो ते लिहा, आणि किती मुली त्या रस्त्याने एकट्या जातील ते लिहा, आणि मग ठराव करा.

आणि एक गोष्ट, पद रिकामं असताना गावाने वर्गणीतून शिक्षक ठेवला तर ठरावात स्पष्ट लिहा की ही सोय तात्पुरती आहे आणि पद भरण्याची मागणी कायम आहे. नाहीतर वरचे म्हणतात, भागतंय ना तुमचं.

कोण सुटतंय ते बघा

मला शाळा कशी आहे हे जोखायचं असेल तर मी टॉपर पोरांकडे बघत नाही, हजेरी पटावर सर्वात जास्त लाल शून्य कुणाच्या नावापुढे आहेत ते बघतो. मग मागच्या रांगेत रोज कोण बसतं, आणि झाडू आणि शौचालय धुण्याची पाळी कुणावर येते. सफाई पाळीने असावी, सगळ्यांनी करावी, सरपंचाच्या नातवानेही, पण ठराविक वस्तीच्याच पोरांची नावं परत परत येत असतील तर मीटिंगमध्ये तक्ता मागा. आरडाओरड करायची गरज नसते, तक्ता सगळ्यांसमोर वाचला की पुरतं. खिचडीच्या पंगतीतही एकदा न सांगता जाऊन बसा.

भाषेचा विषय तर कुणी काढतच नाही. तांड्यावरचं पोरगं घरी गोरमाटी बोलतं, मेळघाटात कोरकू, सातपुड्यात पावरी-भिली, आणि पहिल्याच दिवशी त्याला बाई विचारतात 'तुझं नाव काय गं' आणि ते गप्प, मग शिक्का बसतो, बोलत नाही, मंद आहे. उपाय साधा आहे, पहिलीच्या सुरुवातीचे दोन-तीन महिने त्याच वस्तीतली एखादी आई किंवा मोठी मुलगी वर्गात रोज तासभर बसवा, आणि शिक्षकांना शे-दीडशे शब्दांची यादी करून द्या, पाणी, भूक, शू, दुखतंय, इथे ये, बस, इथपासून. बाईंनी त्या भाषेत दोन शब्द बोलले की पोरगं उघडतं, हे मी डोळ्याने बघितलंय, जे पोरगं दिवाळीपर्यंत दाराशी बसायचं ते पुढे सरकून बाईंचा उच्चार दुरुस्त करायला लागलं.

ऊसतोडीच्या गावांत दिवाळी झाली की वर्ग निम्मे होतात. मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेली असते, कोयता (ऊस तोडणारं नवरा-बायकोचं जोडपं) जाणार म्हणजे पोरंही जाणार. यासाठी हंगामी वसतिगृहाची सोय आहे, पोरं आजी-आजोबांकडे किंवा नातेवाईकांकडे राहतात आणि जेवणाची व्यवस्था शाळा व्यवस्थापन समितीमार्फत होते. अडचण वेळेची, आईबाप गेल्यावर मंजुरी आली तर काय उपयोग, पोरं फडात पोचलेली असतात. म्हणून कुठलं कुटुंब कधी जाणार याची यादी पितृपक्षाच्या आधी तयार ठेवा आणि प्रस्ताव तेव्हाच टाका. जे पोरगं जाणारच आहे त्याला शिक्षण हमी कार्ड देऊन पाठवा म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं, आणि तिकडच्या मुख्याध्यापकांना फोन करा, नुसतं कार्ड दप्तरात राहतं. परत आल्यावर त्याची पातळी परत तपासा, वार्षिक परीक्षेच्या तोंडावर त्याला पाचवीच्या पोर्शनमध्ये ढकलण्यापेक्षा वाचनवर्गात बसवलेलं बरं.

दिव्यांग पोरांबाबत एवढंच, पंचायत समितीत समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांची तुमच्या शाळेला भेट कधी झाली ते व्हिजिट बुकात बघा. नोंद नसेल तर अर्ज करा. रॅम्प आहे पण शौचालयाच्या दारात सहा इंचाची पायरी, असले प्रकार समितीने स्वतः टेप घेऊन शोधायचे.

पैसा आणि खिचडी, थोडक्यात

समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून पटाप्रमाणे संयुक्त शाळा अनुदान येतं, ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर. येतं बऱ्याचदा वर्ष संपत आल्यावर आणि मग मार्च एंडला घाईत खर्च होतं, त्यामुळे काय घ्यायचं याची क्रमवार यादी आधीच ठरावात घालून ठेवा. बाकी मोठी कामं, कंपाउंड, पाणी, शौचालय, ही ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यात बसवावी लागतात, त्यासाठी शाळेचा विकास आराखडा डिसेंबरपर्यंत तयार पाहिजे आणि २६ जानेवारीच्या ग्रामसभेत समितीच्या बायकांनी उठून तो वाचला पाहिजे. पुरुष वाचतात तेव्हा चर्चा गटारावर जाते का कुणास ठाऊक. फुल्यांनी १८८२ ला हंटर कमिशनला (इंग्रज सरकारच्या शिक्षण आयोगाला) हेच सांगितलं होतं की सारा भरते रयत आणि पैसा जातो वरच्या शिक्षणावर, प्राथमिक शाळा उपाशी.

गणवेशाचं बघा. २०२४-२५ ला राज्यभर एकसारखा गणवेश म्हणून कापडाची खरेदी वरून झाली, कितीतरी ठिकाणी गणवेश महिनोन्महिने उशिरा आले, मापं जुळेनात. मग पुढच्या वर्षापासून खरेदी परत शाळा व्यवस्थापन समितीकडे दिली. म्हणजे अधिकार मिळालाय, तो गावातल्या शिलाईवालीला काम देऊन वापरा, प्रत्येक पोराचं माप घेऊन.

खिचडीला पहिली ते पाचवीच्या पोरामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ आणि सहावी ते आठवीला १५० ग्रॅम असा हिशोब आहे. चव रजिस्टर सोमवारीच आठवड्याचं भरलेलं दिसलं तर कुणाला काही बोलू नका, दुसऱ्या दिवसापासून पालकांची पाळी लावा, रोज एक आई पोरांच्या आधी चव घेईल आणि सही करेल. तांदूळ मोजायला काटा शाळेत ठेवा.

समिती बदलताना

दोन वर्षांनी समिती बदलते आणि सगळं परत शून्यावर येतं, कारण कागद जुन्या अध्यक्षाच्या घरी कपाटावर. एक फाईल करा आणि ती शाळेतच ठेवा, त्यात वाचन तपासणीचे सगळे महिन्यांचे कागद, अर्जांच्या पोचा तारखेप्रमाणे, शिकवण्याच्या दिवसांची कॅलेंडरं, आधार अवैध पोरांची शेवटची यादी, बाहेरगावी जाणाऱ्या कुटुंबांची यादी, आणि चालू असलेल्या मागण्यांचं एक पान की कुठला अर्ज कुठल्या टेबलावर अडकलाय. नव्या अध्यक्षांना ही फाईल पालकसभेत सगळ्यांसमोर द्या, त्यांची पोच घ्या, आणि वाचनाच्या कागदांची एक झेरॉक्स केंद्रप्रमुखांकडे देऊन ठेवा.